दोरीच्या आतले लोक

साक्रीजवळ शालिग्राम आबांच्या कपाशीत कलाबाई आणि बेबाबाई वेचणीला होत्या. सकाळी धुळ्याच्या कॉलेजची जीप आली. तिच्यातून उतरलेल्या मुलीला कलाबाईंनी विचारलं, "तुनं नाव काय शे वं पोरी?"

"संघमित्रा."

"जय भीम! आपलीच पोर शे, बेबा."

संघमित्रा हसली आणि कामाला लागली. चाकांच्या गाड्यावर न्यूट्रॉन जनरेटर होता, शेजारी डिटेक्टर. वेगवान न्यूट्रॉन मातीतल्या कार्बनच्या अणुकेंद्रावर आदळला की ते क्षणभर खवळतं आणि ठरावीक ऊर्जेचा गॅमा किरण सोडून शांत होतं. ते किरण मोजले की माती न उकरता तिच्यातला कार्बन कळतो. पीएचडीची तिची सगळी वर्षं याच मोजणीत गेली होती. मशीन चालू असताना मात्र जवळ कुणी थांबायचं नाही, म्हणून तिने गाड्याभोवती लांबवर दोरी बांधली.

"मावशी, तुम्ही त्या निंबाखाली जाऊन बसा. मशीन बंद झालं की बोलावते."

बाया गाठोडी उचलून गेल्या. संघमित्रा केबल जोडून वळली, तर आबा, त्यांचे दोन पाहुणे आणि कडेवर बाळ घेतलेली सून कामिनी गाड्यापाशी खुर्च्या मांडून बसलेले. तिचे गाईड हितेंद्र सर त्यांना स्क्रीन दाखवत होते.

"सर, यांना बाहेर जायला सांगा ना."

"दहा मिनिटांनी काय होतंय? शेत त्यांचं आहे. कर सुरू."

निंबाखालून कलाबाईंचा आवाज आला. "ओ मॅडम! दोरी आमनाच करता शे का? बठ्ठा मझार बठेल शेतस!"

आबांची मंडळी दोरीच्या आतच बसलेली दोघींना तिथूनही दिसत होती. सकाळची 'पोर' आता 'मॅडम' झाली होती. दूर व्हा, असं संघमित्राच्या आजीला आयुष्यभर ऐकावं लागलं होतं. आज तेच ती स्वतः बोलली होती, आणि ऐकलं होतं फक्त या दोघींनी.

तिने पॅनेलची चावी काढून मुठीत धरली.

"सगळे दोरीबाहेर. नाहीतर मोजणी नाही."

"माझ्याच शेतात मला बाहेर काढतेस?" आबा उठले.

"हो आबा. न्यूट्रॉनला सातबारा वाचता येत नाही."

"संघमित्रा!" सर ओरडले. "चावी दे. तुझ्या थिसिसवर सही माझी लागते, विसरू नकोस."

"नका करू सही. चावी मिळणार नाही."

कामिनी मध्येच म्हणाली, "ताई, बाळाला काही होईल का?"

"एवढ्याने बहुतेक काही दिसणार नाही. पण गरज नसताना किरण अंगावर का घ्यायचे? मावशींना उठवलं ते याचसाठी."

कामिनीने सासऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोरी ओलांडून ती सरळ निंबाखाली गेली. मग पाहुणे आणि सर गेले. आबा सगळ्यात शेवटी निघाले, पण निंबाच्या सावलीत गेले नाहीत. त्या बायांशेजारी उभं राहण्यापेक्षा त्यांनी ऊन पत्करलं.

संघमित्राने लांबून मशीन सुरू केलं. स्क्रीनवर कार्बनची रेघ हळूहळू उंच होत गेली. इतकी स्वच्छ मोजणी तिला कधीच मिळाली नव्हती, पण आनंद म्हणून झाला नाही.

मशीन बंद करून ती निंबाखाली गेली. "मावशी, चुकलं माझं."

"पयले त्यासले काढानं व्हतं," कलाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "मंग आमले सांगानं." आणि ओटी बांधून कपाशीत शिरल्या.

जीपमध्ये सर धुळ्यापर्यंत बोलत होते. शिस्त, संबंध, पुढची शेतं कशी मिळणार. कॉलेजच्या फाटकापाशी तिने गाडी थांबवायला सांगितली.

"सर, आज काय झालं ते मी लिहून प्राचार्यांना देणार आहे. तुम्ही काय म्हणालात तेही."

"विचार कर."

"जीपमध्ये तेच करत होते," ती म्हणाली आणि दार आपटून उतरली.