'जतन करा'च्या जागी मी

मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नव्हे, मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावरचं. बुटांच्या एका कारखान्यात नमुने काढायचा प्रोग्रॅम आहे, त्यात मी राहतो. माझ्या अंगावर लिहिलं आहे, 'पुसा'.

मला घडवणारा शहाणा होता. त्याने मला डाव्या कोपऱ्यात एकटं, लालभडक उभं केलं. 'जतन करा' पार उजवीकडे. चुकून मला कोणी दाबलंच, तर 'मागे घ्या' नावाचा माझा भाऊ गेलेलं सगळं परत आणून देई. नमुने काढणाऱ्या काकूंचा हात न बघता उजवीकडे जाई आणि काम जतन होई.

मग नवी आवृत्ती आली. कोणाला तरी पडदा 'स्वच्छ' हवा होता! माझा लाल रंग गेला. सगळ्यांना एकच राखाडी गणवेश. भावाला घराबाहेर काढलं. आणि मला उभं केलं थेट 'जतन करा'च्या जागी. का, तर तिथे मी शोभतो म्हणे.

काकू तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सासऱ्यांच्या बुटाचा नमुना काढत होत्या. सासऱ्यांचं एक पाऊल वाकडं. बाजारातला बूट चढेना, म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलेलं. नमुना पुरा झाला. काकूंचा हात सवयीने उजवीकडे गेला. तिथे मी. "खात्री आहे?" अशी पाटी आली. त्यांनी 'हो' दाबलं. नमुना गेला.

संगणकवाला आला. "काकू, वाचायचं ना! विचारलं होतं की त्याने."

"अरे, तो फाइल उघडताना विचारतो, मिटताना विचारतो. मी शिंकले तरी विचारेल. आमच्या ह्यांना म्हणते तसं 'हो, हो' म्हणते आणि कामाला लागते."

"तरी चूक तुमचीच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जिन्याची पायरी काढून घ्यायची आणि पडणाऱ्यालाच म्हणायचं, डोळे फुटले का!

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. "झाला का गं माझा बूट?"

"आज नाही, बाबा," एवढंच काकू म्हणाल्या. मग लाल कातड्याचा तुकडा कापून त्यांनी पडद्यावर माझ्या तोंडावर चिकटवला आणि कोऱ्या पानावर पहिली रेघ ओढली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असे पडदे मांडाल. मला देखणं करू नका. लाल करा, लांब ठेवा, माझ्या भावाला घरी आणा. तोवर मी या कातड्याखाली धुमसतो आहे, आणि एक म्हातारा अनवाणी खिडकीत बसून आहे.