आज पोट्टीचा नंबर

थांबा, तोटी पिळू नका. पाणी सकाळीच येऊन गेलं. आता माझ्यातून फक्त बोलणं निघेल, आणि त्याला बादली लागत नाही. बसा ओट्यावर.

मी नागपूरच्या लकडगंजमागच्या वस्तीतला सार्वजनिक नळ. ओतीव लोखंडाचा खांब, पितळी तोटी आणि खाली सिमेंटचा ओटा, एवढा माझा थाट. साठ-बासष्टच्या सुमारास मला इथं रोवलं. नगरसेवकानं नारळ फोडला, टाळ्या वाजल्या, आणि पहिल्याच बादलीवरून दोन बायांची जुंपली. तेव्हाच मी ओळखलं, आपलं इथं मस्त चालणार.

गर्व करतो असं वाटेल, वाटू द्या. कन्हान नदीचं पाणी इतक्या लांबून आणून मी दारात देत होतो. वस्तीतल्या सगळ्यांत वडील यमुताई पहिल्या दिवशी नुसत्या तोटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या गावी विहिरीवर त्यांना चढू देत नसत, कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. "आपल्या हातानं सोडायचं, आपल्या हातानं बंद करायचं," त्या म्हणाल्या, आणि उगाचच चार वेळा सोडला-बंद केला. मी त्यांना काही बोललो नाही. दुसऱ्या कोणी केलं असतं तर खरडपट्टी काढली असती.

माझ्यापुढं रात्रीपासूनच रांग लागायची. माणसांची नाही, भांड्यांची. पाण्याचे पितळी गुंड, बादल्या, तेलाचे डबे, ज्याचं भांडं जिथं ठेवलं तो त्याचा नंबर. त्या नंबरापुढं कोणाचं चालत नसे. घरात पाव्हणे असोत, ताप असो, नंबर म्हणजे नंबर. फक्त तुळसाबाईचा डबा रात्रीतून चालत चालत पुढं यायचा. "तो काय पायानं आला वं?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "मले काय मालूम, त्यालेच विचार नं!" आणि त्या डब्यावरून रोज तमाशा. मला मोठी मजा यायची.

बळीराम लाकडाच्या टालावर हमाल होता. टाल म्हणजे आमच्याकडची लाकडाची वखार. सागाचे ओंडके खांद्यावर वाहायचा. कामावर जाताना माझ्यापाशी थांबून पोटभर पाणी प्यायचा आणि ओल्या हातानं माझ्या खांबाला थोपटायचा. बैलाला थोपटतात तसं. माझी कोणी एवढी कदर केली नाही, खरं सांगतो.

एक दिवस टालावर त्याला कुत्र्याचं पिलू चावलं. पिलूच ते, पोटरीला दोन दात टेकले. लोकांनी जखमेत तिखट भरलं आणि त्याला नानाजींकडे नेलं. नानाजी पलीकडच्या गल्लीतले जाणते. पाठीला काशाची थाळी लावायचे. थाळी चिकटली म्हणजे विष आहे, गळून पडली म्हणजे विष उतरलं. आता मला सांगा, भर उन्हात ओंडके वाहणाऱ्या माणसाची घामेजलेली पाठ, तिथं ओली थाळी चिकटणार नाही तर काय होईल? पोळी लावली असती तरी चिकटली असती! पण माझं कोण ऐकतं.

नानाजी काही लबाड नव्हते. त्यांचा स्वतःचाही त्या थाळीवर विश्वास होता. एक नारळ घ्यायचे, बस. सरकारी दवाखाना लांब. तिथं सुया फुकट, पण पोटात चौदा, रोज एक. रोज जायचं, रोज रांगेत बसायचं, म्हणजे तितक्या दिवसांची रोजी बुडाली. टालावर हमाल दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा. फुकटची सुई गरिबाला अशी महाग पडते.

नानाजींनी पथ्य सांगितलं. वांगं खायचं नाही, तेलकट खायचं नाही आणि जखमेला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. बळीरामाची बायको अंजनाबाई मोठी काटेकोर. तिनं त्याच्या पायाला फडकं बांधलं आणि मला दोन हात लांबूनच वळसा घालून त्याला न्यायला लागली. मी इथं भरल्या पाण्यानं उभा, आणि ज्या पायाला धुवायला हवं होतं तो पाय कोरडाच निघून जात होता. आजही आठवलं की माझा संताप होतो.

जखम वाळली. सगळे विसरले. बळीराम पुन्हा पाणी प्यायला थांबू लागला.

मग दोनेक महिन्यांनी एका सकाळी तो आला, मला सोडलं, ओंजळ भरली आणि तोंडाशी नेली. त्याचा गळा असा आवळला की ओंजळ उडून माझ्या खांबावर सांडली. त्यानं पुन्हा ओंजळ धरली. पुन्हा तेच. तहानेनं त्याचे ओठ फुटले होते, पाणी समोर धो धो वाहत होतं, आणि तो माझ्याकडं पाहून मागं मागं सरकत होता. माझ्याकडं! ज्याला रोज थोपटत होता त्याच्याकडं. शेवटी "बंद करा, बंद करा त्याले!" असा ओरडला आणि पळत सुटला.

त्याला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता हातात काही राहिलं नाही. दोन-तीन दिवसांत बळीराम गेला. डॉक्टरांनी अंजनाबाईला समोर बसवून सांगितलं, चावल्या चावल्या जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली भरपूर धुतली असती आणि लागलीच सगळ्या सुया घेतल्या असत्या, तर हा माणूस आज कामावर असता.

ती हे ऐकून घरी आली. आणि माझ्याच ओट्यावर, भरल्या रांगेत तुळसाबाई बोलून गेली, "नानाजीची थाळी खोटी नाई पडत. हिनंच त्याले वांग्याची भाजी खाऊ घातली, मी वास घेतला नं!" झालं! वस्तीभर तेच. नवरा गेला तो गेला, वर बायकोनंच पथ्य मोडून मारला असा बोल लागला. त्या दिवसापासून अंजनाबाई तुळसाबाईशी बोलली नाही. रांगेत शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि तोंडं दोन दिशांना. वर्षांमागून वर्षं गेली.

बाहत्तर सालचा उन्हाळा. मे महिन्यातलं नागपूर काय असतं ते मी लोखंड असून सांगतो, दुपारी माझ्यावर हात ठेवला तर फोड यायचा. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, तेही करंगळीएवढं. एकेका गुंडासाठी जीव टांगलेला. त्या सकाळी अंजनाबाईचा नंबर लागला होता. ती धुण्याला आणलेली साबणाची वडी ओट्यावर ठेवून माझ्याखाली गुंड भरत होती.

तेवढ्यात तुळसाबाईची गोपिका रडत पळत आली. सात-आठ वर्षांची पोर, शेगडीसाठी लाकूड कापायच्या आरा मशीनमागं भुसा भरायला गेली होती. मनगटातून रक्त गळत होतं. कुठल्यातरी कुत्र्यानं तोडलं होतं आणि कुत्रं पळून गेलं होतं.

"अवं माय! तिखट आना वं कोणी!" तुळसाबाई किंचाळली. "धाव वं, नानाजीले बोलाव!"

अंजनाबाईनं पायानं आपला गुंड ढकलला. रात्रीपासून नंबर लावलेला, अर्धा भरलेला गुंड! तो घरंगळत गेला, पाणी सांडलं. तिनं गोपिकाचं मनगट धरलं आणि माझ्याखाली घातलं.

"सोड माह्या पोट्टीले! पाणी नको लावू, मारतं का तिले?"

"मारून नाई राहिली, वाचवून राहिली!" अंजनाबाईचा आवाज मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता. "माह्या माणसाच्या पायाले मी एक थेंब लागू नाई देला. समदं पथ्य पाळलं. वांग्याची भाजी मी केलीच नव्हती, तुळसा. त्या महिन्यात घरात वांगं आलं नाई. पथ्य पाळूनच मेला तो!"

तुळसाबाईचा हात पोरीच्या खांद्यावरून आपोआप सुटला.

"डाक्टरनं सांगितलं मले," अंजनाबाई म्हणाली, आता हळू. "साबन लाव, धू, मग सुई. घे ती वडी. तूच लाव, तुही पोर हाये."

तुळसाबाईनं वडी उचलली. फेस केला, लावला. पोरगी आकांत करत होती. मागून कोणीतरी पुटपुटलं, "पाणी चाललं जाईन नं वं, आमचे नंबर हायेत." तशा यमुताई काठी आपटत पुढं आल्या.

"आज कोणाचा नंबर नाई. आज पोट्टीचा नंबर."

आणि मी? मी जेवढं होतं तेवढं सगळं सोडलं. खालून पाइपातून ओढून ओढून आणलं. साबण, पाणी, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. शेवटी माझ्यातून नुसता फुस्स आवाज आला आणि मी कोरडा पडलो. गुंड, बादल्या, डबे सगळे रिकामे. भर मे महिन्यात अख्खी वस्ती पाण्यासाठी टालावरच्या विहिरीवर हात जोडायला गेली. कोणी मला शिवी दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

तुळसाबाईनं पोरीला थेट सरकारी दवाखान्यात नेलं आणि पहिली सुई झाली. तीन-चार दिवस ती जात राहिली. मग एका सकाळी डबा घेऊन आली आणि कोणाकडं न पाहता म्हणाली, "उद्यापासून नाई नेत. जखम वाळली."

तिचंही खोटं नव्हतं. ती इतवारीच्या बाजारात धान्य निवडायला जायची. शेठनं सांगितलं होतं, उद्या आली नाहीस तर दुसरी बाई बसवतो. नवरा नत्थू हातगाडी ओढायचा, त्यानं गाडी सोडली तर चूल बंद.

"त्याचीबी वाळली होती," अंजनाबाई म्हणाली.

तुळसाबाई रडायलाच लागली. "मंग मी काय करू वं? सांग नं, कामाले जाऊ का दवाखान्यात जाऊ?"

"कामाले जा," यमुताई म्हणाल्या. "पोट्टीले आम्ही नेतो. रोज जिचं भांडं पहिलं, तिनं न्यायचं."

दुसऱ्या दिवशी काय झालं माहीत आहे? एकीचंही भांडं पुढं येईना. "तू हो नं पुढं." "नाई वं, तूच आधी आली." ज्या पहिल्या नंबरासाठी डोकी फुटायची, तो कोणालाच नको! मला हसू आवरेना. रोजी बुडायची ती सगळ्यांचीच, त्यांना तरी काय बोलणार. तेवढ्यात अंजनाबाई आली, नवा पोचा पडलेला आपला गुंड उचलून तिनं सगळ्यांच्या पुढं ठेवला आणि गोपिकाला घेऊन निघाली. मग मात्र बाकीच्या लाजल्या. पुढल्या दिवशी वच्छला, मग सुभद्रा, मग आणखी एक. पोरगी रोज पोट धरून रडत जायची आणि रोज वेगळीच बाई तिला कडेवर घेऊन परतायची. चौदाही सुया पुऱ्या झाल्या.

पण तुळसाबाईच्या मनातली भीती गेली नाही. तिला बळीरामाचे दोन महिने ठाऊक होते. रोज सकाळी ती पोरीला माझ्यासमोर उभी करायची. "पी." गोपिका ओंजळ धरायची, आणि आईचे डोळे तिच्या गळ्यावर. घोट उतरला की तुळसाबाई श्वास सोडायची. रांग थांबायची, मीही धार बारीक करायचो. पावसाळा आला आणि गेला. गोपिका पीतच राहिली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी, भरल्या रांगेत, ज्या ठिकाणी तो बोल लावला होता त्याच ओट्यावर चढून तुळसाबाई मोठ्यानं म्हणाली, "ऐका वं समद्या. हिनं वांग्याची भाजी केली नव्हती. मी वास-बीस काई घेतला नव्हता. मी खोटं बोलली होती." मग खाली उतरली आणि अंजनाबाईचा गुंड आपल्या हातानं भरून तिच्या डोक्यावर दिला. त्यानंतर आमच्या वस्तीत कुत्रं चावलेलं माणूस आधी माझ्याकडं आणि मग सरळ दवाखान्यात गेलं. एकही दगावलं नाही. छाती असती तर फुगवली असती.

आता घरोघरी नळ आले. परवा माणसं येऊन माझ्या खांबाला चुन्याची फुली मारून गेली, म्हणजे मला उपटणार. उपटा बाप्पा! मी रडणाऱ्यातला नाही. फक्त एक ऐका. मी नसेन, पण तुमच्या घरात कुठंतरी तोटी असेलच, साबणाची वडीही असेल. कुत्रं चावलं तर तिखट नको, थाळी नको, पथ्य नको. धुवा, खूप वेळ धुवा, आणि सुया घ्या, शेवटचीसुद्धा. आणि शेजारणीची रोजी बुडत असेल तर तिचं लेकरू तुम्ही न्या.

काल गोपिका आली होती. तिला मौद्याला दिली आहे. सोबत तिची लहान मुलगी. तुळसाबाई आणि अंजनाबाई, दोघी म्हाताऱ्या माझ्या ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या.

"आई, घरी नळ हाये नं," मुलगी म्हणाली. "मंग इथं काहून पितं?"

गोपिका हसली. बांगड्या मागं सारल्या, मनगटावरचा पांढरा वण दिसला. तिनं मला सोडलं, ओंजळ धरली आणि प्यायला लागली. तुळसाबाईचं बोलणं तिथंच थांबलं, डोळे लेकीच्या गळ्यावर गेले.

"अवं माय, आता तरी नको पाहू नं," गोपिका म्हणाली.

"तू पी," तुळसाबाई म्हणाली. "पी तू."

गोपिकानं पुन्हा ओंजळ धरली.