छपरातली वाकळ

लेक प्रभू मेंढरं घेऊन माळावर गेला, की पंचफुलाबाई सुजलेल्या पायांवर लुगडं ओढून बसायची. लघवीही थेंब थेंब व्हायची.

"आत्याबाई, तालुक्याला दाखवू की," सून शिवकन्या म्हणे.

"काहून? म्हातारपन हाय ते."

खरं दुखणं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा जाऊन एक तप झालेलं, पाळीही कधीच थांबलेली. तरी वर्षभर पुन्हा अंगावरून जात होतं. विधवा बाईनं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? गावाच्या तोंडाला का हात लावता येतो! शिवाय सुनेला दर महिन्याला मेंढरांच्या छपरात बसवणारी, तिची वाकळ वेगळी ठेवणारी हीच. आणि हीच त्या अवस्थेत बिरोबापुढं दिवा लावत राहिली. पाय सुजले तेव्हा तिला वाटलं, देव कोपला. देवाच्या शिक्षेला औषध कसलं? भरल्या घरात ती एकटीच ते भोगत राहिली.

शेवटी प्रभूनं बळंच कळमनुरीला नेलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडन्या निकामी होत चालल्यात. आजी, अंगावरून जातं का?"

लेक शेजारीच उभा. "न्हाई," पंचफुलाबाई म्हणाली.

"जातंय," शिवकन्या बोलली. "उकिरड्यात पुरलेली फडकी म्या पाह्यलीत."

"शिवकन्ये!" प्रभू ओरडला.

"वरडा. आता म्या गप बसणार न्हाई."

पुढच्या तपासण्यांत गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. त्याच्या गाठीनं लघवीच्या नळ्या दाबल्या होत्या, म्हणून किडन्या तुंबल्या.

"म्हंजी देवानं न्हाई केलं?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"नाही हो आजी. पहिल्यांदा गेलं तेव्हाच आला असतात, तर बऱ्या झाला असतात. आता त्रास कमी करू."

ती हुंदके देऊन रडली. मरणाचं नव्हे, फुकट गेलेल्या वर्षाचं दुःख होतं ते.

तुंबलेली लघवी काढायला नळी घालून पंचफुलाबाईला घरी आणल्यावर एका संध्याकाळी शिवकन्या वाकळ काखेत मारून बाहेर निघाली.

"कुठं चाललीस?"

"छपरात. बाहेरची झाले."

"माघारी फिर. माज्या अंथरुणाला लावून टाक वाकळ. अन् दिवा तूच लाव."

"माय, देवाचं काय?" प्रभू चाचरला.

"वरीसभर म्याच लावला की! देवानं कायबी केलं न्हाई. केलं ते माज्या लाजेनं."

प्रभू उठला. मग त्यानं काड्याची पेटी बायकोच्या हातात दिली.

त्या दिवसापासून त्या छपरात फक्त मेंढरं असतात. तुमच्या घरच्या छपरात कोण आहे?