राईत वाजवलेला ढोल

ऐका, मी ढोल बोलतोय. पण नाचायला कुणी उठू नका. आज मी चिडलेला आहे.

फणसाच्या खोडातून मला कोरला, तेव्हा मला वाजवणाऱ्या भागोजीच्या आजाने देवीपुढे नारळ ठेवून सांगितलं होतं, "ह्यो ढोल राईत वाजंल तो देवीसाठीच." राई म्हणजे देवळामागचं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. राईत काही करायचं तर आधी गुरव देवीला फुलं लावतो. उजवं फूल पडलं तर देवीचा कौल मिळाला, नाहीतर गप्प घरी जायचं.

त्या राईत भेकराची एक मादी राहत होती. बिबट्या फिरकला की ती कुत्र्यासारखी भुंकायची. मग भागोजीची बायको राही शेळ्या आत घ्यायची. "माझी राखणदारीण," म्हणायची.

पौषातली थंडी होती. गावचा म्होरक्या, गावकर रावजी, त्याचा पुतण्या हरिश्चंद्र मुंबईहून मित्रांना घेऊन मोटारीतून आला. बंदूक नव्हती. गळ्यात दुर्बिणी होत्या. त्यांना रानातली जनावरं नुसती बघायची होती, आणि दिवस मावळायच्या आत रत्नागिरीला परतायचं होतं. उन्हं वर आली तरी एक ससासुद्धा दिसेना. पाहुणे जांभया देऊ लागले. हरिश्चंद्राचं तोंड उतरलं.

रावजी भागोजीला म्हणाला, "ढोल काढ. राईत हाका घालू, जनावरं भायेर काढू."

"तात्या, कौल?"

"गुरव गेलाय पालीच्या बाजारात. पावणे काय तो येईस्तोवर बसतील?"

"पन राईत..."

"अरे, मारायचाय कुनाला? नुसता बघायचाय! का थंडीनं हात आखडले तुझे? तुझ्या राहीला बोलवू काय वाजवायला?"

सगळे हसले. भागोजीने मान खाली घातली आणि मला गळ्यात अडकवला.

असा त्याने मला कधीच बडवला नव्हता. माणसं आरोळ्या ठोकत मागून आली. राईत पाखरं उडाली, वानरं किंचाळली. भेकराची मादी झाडीतून सुटली ती उघड्या कातळावर. कातळाच्या टोकाला चिऱ्याची खाण आहे. पुढे खाण, मागे मी. मी थांबलो असतो तर ती वळली असती. पण मी बडवला जात होतो.

हरिश्चंद्राने दुर्बीण डोळ्याला लावली. "वा! काय उडी मारलीन!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खाणीतून आवाज आला. उडी नव्हती ती. टाळ्या वाजवणाऱ्यांनी पुढे येऊन खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. मोटारीकडे जाऊन ते चहा प्यायले. बघायला आले होते ना? मग बघायचं होतं!

त्या बडवण्यात माझं बकऱ्याचं कातडं फाटलं होतं. रावजीने भेकराचं मटण वाटलं आणि कातडं भागोजीपुढे टाकलं. "चांगलं हाय. ढोलाला चढव." तेही भागोजीने चढवलं.

त्यानंतर दुसरं भेकर राईकडे फिरकलं नाही. माघात बिबट्या आला, तेव्हा रान गप्प होतं. राहीची दुभती शेळी गेली. रिकाम्या दाव्याकडे बघत ती नवऱ्याला म्हणाली, "राखणदारनीला घालवलास, आता कोन भुंकेल? तू?"

भागोजीने दावं सोडून गुंडाळलं.

आता शिमगा आलाय, देवीची पालखी निघणार. मी खुंटीला आहे. ढोल तयार आहे का, म्हणून रावजी विचारून गेला. भागोजीने माझ्यावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

देवीच्या पालखीपुढे तिच्याच राईतल्या जिवाचं कातडं वाजवणार तुम्ही? रावजीचं मला नवल नाही. पाहुण्यांचं तर नाहीच नाही. माझा राग तुझ्यावर आहे, भागोजी. ढोलाला नाही म्हणता येत नाही. तुला येत होतं.

आता तरी म्हण. हे कातडं उतरव, राईत नेऊन पूर. मग मला कोरडं खोड म्हणून माळ्यावर टाकलास तरी चालेल.