पहिला सिलिंडर

दुपारी शर्यत होती, त्यामुळे सकाळपासून शेडमध्ये कुणाचं कुणाशी धड बोलणं नव्हतं. नवरा हेल्मेटची काच पुसत होता आणि सासरे इंजिनवर वाकले होते.

“सूनबाई, पहिल्याचा प्लग जरा आवळ.”

ती पाना घेऊन इंजिनच्या पंख्याच्या बाजूला गेली.

“तिकडे कुठे निघालीस? पहिला म्हटलं मी.” सासऱ्यांनी बोट दाखवलं ते गिअरबॉक्सकडच्या टोकाला.

तिनं पाना खाली ठेवला.

या इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, पंख्याकडच्या टोकाला एकदा तडकलं होतं. वेल्डिंग करून तासल्यावर तिथली पोकळी लहान झाली होती. पोकळी लहान असेल तिथे बसक्या डोक्याचा पिस्टन हवा, मोठी असेल तिथे उंच डोक्याचा, तरच चारही सिलिंडरांत दाब सारखा. पोकळ्या तिनंच मोजल्या होत्या, काचेच्या नळीतून थेंब थेंब तेल सोडून. त्याप्रमाणे पिस्टन निवडून, त्यांवर नंबर घालून ती माहेरी गेली आणि मागे सासऱ्यांनी इंजिन जुळवलं. तिचे नंबर पंख्याकडून होते, साऱ्या जगासारखे. सासरे जिथे शिकले तिथे उलटीकडून मोजायचे. प्लगच्या वायरी कुठूनही मोजून लावा, पेटण्याचा क्रम तोच येतो. म्हणून म्हातारबुवांची ही खोड आजवर कुणाला कळलीच नव्हती.

“बाबा, पिस्टन घालतानाही पहिला इकडूनच धरलात?”

“मग काय तुला विचारून धरू?” असं म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

तिनं दाब मोजायचा गेज लावला. पंख्याकडच्या सिलिंडरवर काटा चढतच गेला; लहान पोकळीखाली उंच पिस्टन बसला होता.

“जास्त तर जास्त,” नवरा म्हणाला. “काल गाडी पळवली तेव्हा काय वाऱ्यासारखी गेली. जोर दिला की जरा टकटक व्हायची, एवढंच.”

“टकटक? आणि तू बोलला नाहीस?”

“बोललो असतो तर तुम्ही दोघं खोलून बसला असता.”

तिला त्याच्या कानाखाली दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. टकटक म्हणजे जास्त दाबानं पेट्रोल अवेळी भडकून पिस्टनवर घाव पडणं. पिस्टन फुटला की इंजिन जाम, आणि भर वेगात चाकं जाम झाली तर गाडी कुठे जाईल ते ब्रह्मदेवही सांगू शकला नसता. तिनं चावी काढून मुठीत धरली.

“वर्षभर या दिवसाची वाट बघितली मी,” तो दातओठ खात म्हणाला. “बायको आहेस की वैरीण?”

“वैरीण म्हण. चावी मिळणार नाही.”

तो तिच्या अंगावर धावून येणार, तेवढ्यात सासऱ्यांनी पाना उचलला. ते हेडचे बोल्ट सोडवू लागले.

हेड निघालं. पंख्याकडच्या पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. गाडी आणखी थोडी पळाली असती तर आरपार भोकच.

नवऱ्यानं त्या कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग तो फरशीवरच बसला.

“काल आपली पोरगी हट्ट करत होती,” तो म्हणाला. “तिला शेजारी बसवून नेलं होतं मी.”