जुन्या लुगड्यावरची चार चित्रं

माझी लेक साधना झोळीत झोपली की मला पाऊण तास मिळतो. तेवढ्यात भात उतरवायचा, कपडे आत घ्यायचे आणि उरेल त्यात दवाखान्याची चित्रं काढायची. ती तीन महिन्यांची होती तेव्हा आरमोरीजवळच्या आमच्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना माझी चित्रकलेची पदविका आठवली. तान्ह्या बाळाच्या धोक्याच्या खुणा, वाचता न येणाऱ्या आईलाही कळतील अशा, एका कार्डावर हव्या होत्या.

मी जीव ओतून कार्ड केलं. चार रंगांचं, चकचकीत, वर प्लॅस्टिक.

त्याच हिवाळ्यात कुंताचं पहिलं बाळ चौथ्या दिवशी गेलं.

गावोगाव फिरणाऱ्या आमच्या आरोग्यसेविका गुणाबाई तिच्या घरी जाऊन आल्या आणि माझ्या ओट्यावर येऊन बसल्या.

"कार्ड होतं त्यायच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पेटीत, राशनकार्डाखाली. इतकं चांगलं कार्ड, खराब होईन म्हणून ठेवून देलं. दोन दिवस लेकरू दूध ओढत नव्हतं, पण पेटी कोण उघडते?"

त्या दिवशी मी साधनाला कडेवरून खाली ठेवलंच नाही.

पुढच्या वर्षी कुंताला पुन्हा दिवस गेले. पौषात भरणार होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या वेळी चित्रं तिच्या डोळ्यांसमोर हवीत."

डोळ्यांसमोर काय असतं बाळंतिणीच्या? माझ्या तर पहिले बारा दिवस साधनाचं दुपटंच होतं. मग दुपट्यावरच छापलं तर?

लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून मी जाळीची चौकट आणि रबरी पट्टी चालवून कापडावर कसं छापायचं ते शिकून घेतलं. रंग एकच ठेवला, काळा. रेघ बोटाएवढी जाड, म्हणजे कंदिलाच्या उजेडात, अधू नजरेलाही दिसावी. चित्रं चारच, आणि मांडीवर बाळ घेतलेल्या आईला सरळ दिसतील अशी.

पहिलं चित्र पाहून गुणाबाईंनी विचारलं, "हे रडून काऊन राह्यलं?"

"आजारी आहे म्हणून."

"रडते ते पोट्टं धडधाकट रायते, बाई. जे गप्प पडते त्याची भीती."

मी रडणारं तोंड पुसलं आणि छातीशी मिटलेल्या ओठांनी पडलेलं बाळ काढलं.

डॉक्टरबाईंना पसंत पडलं. मऊ फलाटीणचे चाळीस तुकडे छापून झाले. पहिला घेऊन मी आणि गुणाबाई कुंताकडे गेलो. साधना माझ्या कडेवर होतीच. अंगणात कुंताची सासू मंगलीबाई मासोळीचं जाळं सांधत बसली होती. तिनं कापडाकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही.

"कोरं हाय?"

"हो, नवीन आहे. बघा किती मऊ..."

"मंग ने वापस. बारसं होयेपर्यंत आमी लेकराले कोरं लावत नाई. कोरं कापड जाणाऱ्याले लागते, येणाऱ्याले नाई."

कुंता दारात उभी होती. पोटावरचा हात तिनं काढला नाही. मंगलीबाईचं खरं होतं. बारसं होईपर्यंत साधनाच्या अंगाला माझ्या आईच्या जुन्या साडीशिवाय काही लागलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, तरी चाळीस कोरे तुकडे छापून बसले. धोक्याचे दिवस नेमके तेच बारशाआधीचे!

"तुमचं एखादं जुनं लुगडं द्याल?" मी विचारलं.

"काऊन? दवाखान्यात म्हातारीचे कपडे घालून राह्यल्या का आता?"

"त्यावर छापते."

मंगलीबाई हसली. आत जाऊन पोपटी लुगडं घेऊन आली. धुऊन धुऊन ते जवळजवळ पांढरं झालं होतं. अर्धं फाडून तिनं माझ्या हातात दिलं. "मासोळीचा वास जाणार नाई, सांगून ठेवतो."

नाहीच गेला. दोनदा उकळून मी बाहेरच्या बाजूला, कोपऱ्यात चारही चित्रं छापली, रंग बसावा म्हणून वरून इस्त्री फिरवली आणि गुणाबाईंबरोबर पाठवून दिलं.

कुंताला मुलगा झाला. पाचव्या दिवशी दुपारी दवाखान्यासमोर बैलबंडी थांबली. मी आतच होते. लुगड्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून कुंता आली, मागून मंगलीबाई. कुंतानं मिटलेल्या ओठांच्या चित्रावर बोट ठेवलं.

"कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सकाळपासून."

डॉक्टरबाई बाळाला घेऊन आत गेल्या, मागोमाग कुंता. मी आणि मंगलीबाई बाहेर बाकावर बसलो. साधना मंगलीबाईच्या बांगड्या ओढत होती, तिनं ओढू दिल्या. मग म्हणाली, "तुहं तिसरं चित्र बरोबर नाई. बेडूक दिसते."

"छाती आत ओढून श्वास घेतंय ते."

"बेडूक दिसते."

दिवेलागणीला डॉक्टरबाई बाहेर आल्या. "दूध ओढलं थोडं. आठ दिवस ठेवावं लागेल. पण वेळेत आणलंत."

आतून कुंताच्या रडण्याचा आवाज आला. मंगलीबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग पिशवीत हात घालून लुगड्याचा उरलेला अर्धा तुकडा काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"पयला ओला झाला. हाही छापून दे," ती म्हणाली. "पण बेडूक नोको."