वाटणीत आलेला डावा

मी स्पीकर बोलतोय. त्यातही डावा. माझं बोलणं अर्धंच वाटलं तर दोष मला देऊ नका. ज्यांना द्यायचा त्यांची ओळख करून देतोच.

रागात आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला गोड बोलता येत नाही असं नाही. उभा जन्म दुसऱ्यांचं गोडच बोलत आलो. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलायला बसलोय, तर थोडा आवाज चढणारच.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या सुताराने एकच लांब फळी घेतली आणि तिच्यातून दोन पेट्या केल्या. एक माझी, एक माझ्या जुळ्या भावाची, उजव्याची. आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं की माझ्या अंगावरची लाकडाची रेघ त्याच्या अंगावर पुढे जायची, मध्ये तुटल्यासारखी वाटायचीसुद्धा नाही. एका बाईने आमच्या पोटात केसासारख्या तारेची गुंडाळी बसवली. मग आम्हाला समोर ठेवून, डोळे मिटून ऐकलं आणि ती म्हणाली, "हे दोघं जुळले. यांना वेगळं पॅक करू नका रे." पुस्तकाच्या फळीवर मावू एवढे आम्ही, पण आवाज घरभर.

आमचा पहिला मालक चष्मेवाला होता. भारी तऱ्हेवाईक माणूस. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत म्हणायचा, "आता बरं की मघाशी बरं?" घरी आला की आमच्याशी तेच करायचा. मला बोटभर पुढे सरकवायचा, उजव्याला बोटभर मागे, आणि मग समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचा. ती खुर्ची ठरलेली. तिथे बसलं की गाणारा माणूस आम्हा दोघांच्या बरोबर मधोमध, भिंतीपाशी उभा आहे असं वाटायचं. तिथे कोणीच नसायचं. आम्ही दोघं मिळून त्याला उभा करायचो. एकट्याने ते होत नाही, कितीही घसा फोडा.

त्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुख्य होती. हाताखालच्या मुली तिला पाठीमागे हवालदार म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. पण गळा असा, की चुकीचा नंबर लागला तरी लोक फोन ठेवत नसत. ती गायची आणि चष्मेवाला व्हायोलिन वाजवायचा. एका सुट्टीच्या दिवशी त्याने दोन माइक आणले. एक तिच्या तोंडासमोर, दुसरा आपल्या व्हायोलिनसमोर. "तू डावीकडे बसतेस, तर डावीकडूनच ऐकू आली पाहिजेस," असं म्हणून त्याने तिला माझ्या वाट्याला दिलं, स्वतः उजव्याच्या वाट्याला गेला, आणि एक टेप तयार झाली.

त्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात एके जागी सूर घसरलाय. कोणाचा, यावर त्या घरात जन्मभर वाद चालला. पाहुणे आले की चष्मेवाला टेप लावायचा, ती जागा आली की बोट वर करायचा आणि म्हणायचा, "इथे ही घसरली." ती आतून ओरडायची, "मी नाही, तुम्ही घसरलात!" पाहुणे हसायचे, पोरं हसायची. आणि गाणं संपतं न संपतं तोच तो चपळाईने उठून टेप बंद करायचा. पुढे काय आहे ते त्याने कोणाला ऐकू दिलं नाही. मला वाटायचं, कोरी असेल.

त्याची दोन्ही पोरं लहानपणी अर्क होती. धाकट्याने माझ्या पडद्याच्या मधल्या काळ्या टोपीत बोट खुपसून तिला खळगा पाडला. तो अजून आहे. थोरल्याने खाऊचे हात आमच्या कापडाला पुसले. ते मी कधीच माफ केलं. पोरंच ती. मोठेपणी जे केलं ते मात्र माफ करणार नाही.

चष्मेवाला गेला. दिवस उलटले, आणि एका रविवारी दोघे भाऊ वाटणी करायला बसले. थोरला हिशेबतपासनीस, धाकटा दातांचा डॉक्टर. भांडण नव्हतं हो. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान आरडाओरड्यात कोणाला तरी अक्कल आली असती. दोघांनाही एकच भीती, की लोक म्हणतील याने जास्त घेतलं. म्हणून जे दिसेल ते दोन भाग. चार खुर्च्या, दोन-दोन. चमचे निम्मे निम्मे. टेप वाजवायचं यंत्र आणि आमचा आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर एकाच पेटीत होते, ती पेटी कापता येईना म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ती धाकट्याला गेली आणि बदल्यात शिवणयंत्र थोरल्याला. शिवणार कोण, हे कोणी विचारलं नाही.

मग थोरल्याचं लक्ष आमच्याकडे गेलं. "हे दोन आहेत. छान. एक तुला, एक मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय नाहीत ही गोष्ट वेगळी.

"अरे, ती जोडी आहे," आई म्हणाली.

"म्हणून तर, आई. एकेक. कोणाला कमी नको, जास्त नको."

"तुमच्या बापाने कधी एका काचेचा चष्मा विकला होता का रे?"

"आई, तू मध्ये पडू नकोस ना. आमचं छान चाललंय."

छान! त्या "छान"नेच मला आणि माझ्या भावाला वेगळ्या गाड्यांत घातलं. अंगावरची रेघ माझ्या कडेशी येऊन तुटली. आईसुद्धा धाकट्याकडे आली, म्हणजे माझ्याच घरी. तिची वाटणी करायची राहून गेली, ते एक बरं.

उजव्याचं पुढे काय झालं ते नंतर कळलं. थोरल्याकडे ना पेटी, ना तार. नुसता स्पीकर घेऊन करणार काय? काही दिवस तो हॉलमध्ये शोभेला होता. मग बाल्कनीत गेला, आणि मग त्याच्या डोक्यावर कुंडी आली. रोज सकाळी झाडाला पाणी, आणि झाडाचं उरलेलं याच्या पोटात. ज्या फळीतून सुताराने आम्हाला कापलं, तिच्यावर शेवाळ धरलं. झाड मात्र चांगलं वाढलं म्हणे.

मी धाकट्याकडे कपाटावर, पेटीच्या बाजूला. त्याने माझी तार पेटीच्या मागच्या डाव्या खाचेत खोचली, कारण मी डावा. उजवी खाच रिकामी. आईसाठी त्याने ती टेप लावली, "बघ, बाबांची आठवण" म्हणाला आणि दवाखान्यात निघून गेला. बाबांची? माझ्यातून आली ती एकटी तीच. तरुण, खणखणीत, डावीकडची. व्हायोलिन इतकं पुसट, की शेजारच्या घरात कोणीतरी वाजवतंय आणि मध्ये दोन भिंती आहेत असं वाटावं.

ती ऐकत बसली. गाणं संपलं. आता उठून टेप बंद करणारा कोणी नव्हता, म्हणून टेप पुढे चालली. आणि काय सांगू, पुढे कोरी नव्हतीच. माझ्यातून ती हसली. थांबली. मग म्हणाली, "नाही. मुळीच नाही." पुन्हा थांबली. "खरंच म्हणताय?" पुन्हा थांबली. "बरं. एकदाच." आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

त्या थांबण्यात तो काहीतरी बोलत होता. गुणगुणल्यासारखं यायचं, पण शब्द कळेना. शब्द सगळे उजव्याकडे.

त्या दिवसापासून तिने ध्यास घेतला. रोज दुपारी टेप लावायची, त्या जागेपर्यंत यायची, मला कान लावायची. "काय म्हणाले होते? मला आठवेना. अरे, सांग ना!" मलाच दरडावायची. मी कुठून सांगू? मी जीव तोडून तिचंच तिला परत ऐकवायचो. एकदा चिडून तिने माझ्या डोक्यावर थाप मारली. "माझं मला काय ऐकवतोस मेल्या! माझं मला माहीत आहे!" लागलं. तिचं बरोबर होतं म्हणून जास्त लागलं.

तिने पोरांना सांगितलं नाही असं नाही. थोरल्याला फोन केला. "तुझा तो डबा एकदा इकडे घेऊन ये."

"आई, तो माझ्या वाटणीचा आहे. आज आणून दिला की उद्या तो तिथेच राहणार. मग वाटणी सारखी कशी राहील?"

धाकट्याला म्हणाली, "तू जा आणि घेऊन ये."

"मी मागणार नाही. मागितलं की दादा म्हणेल, पेटी घेतली, आता स्पीकरपण हवा. तुला गाणीच ऐकायची ना? नवीन छोटा स्पीकर आणतो, फोनवर सगळं येतं."

सगळं येतं म्हणे! जगातली सगळी गाणी येतील. तुझा बाप येईल का त्यात? ही दोन माणसं वाईट नाहीत. आईची औषधं वेळेवर आणतात, डॉक्टरकडे गाडीतून नेतात. पण बरोबरीच्या हट्टापायी अर्ध्या तासाच्या रस्त्यावरून एक लाकडी डबा त्यांच्याने हलला नाही. अशा चांगुलपणाचं काय लोणचं घालायचं?

आणि मग तो हलला. कशासाठी, ते ऐका आणि तुम्हीच ठरवा मी रागावू नको तर काय करू.

थोरल्याच्या ऑफिसातला एक जुन्या स्पीकरचा शौकीन त्याच्या घरी आला होता. चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेला आणि किंचाळला. "अहो, कुंडीखाली काय ठेवलंय हे! याची जोडी कुठाय? जोडी असेल तर मी आत्ता घेतो. म्हणाल ती किंमत."

झालं. आईच्या शब्दाने जे हललं नव्हतं ते गिऱ्हाइकाच्या शब्दाने हललं. थोरल्याने धाकट्याला फोन केला, दोघे गोड बोलले, विकून निम्मे निम्मे असं ठरलंसुद्धा. रविवारी थोरला माझ्या भावाला काखेत घेऊन आला, मागून शौकीन. आईने आतून पाहिलं, पदराला हात पुसले आणि येऊन समोरच्या खुर्चीत बसली.

उजव्याला माझ्या शेजारी ठेवलं. अंगावर पाण्याचे पांढरे डाग, आमची रेघ शोधून सापडेना. शौकिनाने टॉर्च मारला, बोटांनी त्याचा पडदा हळूच आत दाबला. आत काहीतरी खरखरलं. त्याचा चेहरा पडला. तरी त्याने सोबत आणलेली तार काढून जोडणी केली, माझी डाव्या खाचेत, त्याची उजव्या. "एखादी टेप आहे का?"

"आहे," आई म्हणाली आणि तीच टेप काढून दिली.

मी गायलो. ती माझ्यातून गायली. उजवा गप्प. मी वाट पाहत होतो हो! निदान एक सूर, निदान एक खोकला. काही नाही. माझा जुळा भाऊ माझ्या शेजारी बसून मेलेला होता.

"गेला हा," शौकीन म्हणाला. "गुंडाळी गंजली. एकटा डावा घेऊन मी काय करू?"

आणि आता, इतक्या वर्षांनी, त्या दोघांना भांडायला सुचलं.

"कुंडी ठेवतात का रे त्याच्यावर?" धाकटा म्हणाला.

"मग तू का नाही नेलास? पेटी तुझ्याकडे होती!"

"मागितला असता तर दिला असतास?"

"तू मागितलास कधी?"

"गप्प बसा!" हवालदाराचा आवाज होता तो. शौकीनसुद्धा दचकून सरळ उभा राहिला. आई उठली, टेप थांबवून थोडी मागे घेतली. पेटी ओढून तिची पाठ आपल्याकडे वळवली. उजव्याची तार उपटून फेकली. मग माझी तार डाव्या खाचेतून काढली आणि रिकाम्या उजव्या खाचेत घातली. एवढंच. एवढंच करायचं होतं! इतकी वर्षं पेटीच्या मागे ती खाच रिकामी होती आणि आम्हा कोणाला सुचलं नाही, मला धरून. मी डावा, म्हणून जागा डावी, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं; त्याचा आवाज मात्र उजव्या डब्यात नव्हताच, त्या उजव्या खाचेत होता. तिने कळ दाबली आणि खुर्चीत जाऊन बसली.

माझ्यातून व्हायोलिन आलं. जन्मात पहिल्यांदा मी त्याचा आवाज झालो. गाणं संपलं, आणि चष्मेवाला माझ्या तोंडून म्हणाला, "अगं, पुन्हा म्हणतेस का?"

"नाही. मुळीच नाही." हे मी नाही बोललो. खुर्चीतून आलं. म्हातारा, जरा चिरका आवाज, पण अगदी जागच्या जागी.

"सूर माझा घसरला. तुझा नाही."

"खरंच म्हणताय?"

"खरंच. पण पोरांसमोर कबूल करायला लावू नकोस."

पोरं समोरच उभी होती. थोरल्याने भिंतीकडे तोंड केलं. धाकटा जमिनीवर बसला.

"बरं," आई म्हणाली. "एकदाच." आणि व्हायोलिन पुन्हा सुरू झालं.

शौकीन केव्हा निघून गेला कळलं नाही. विक्रीचा विषय पुन्हा निघालेला नाही. माझ्या मेलेल्या भावाला आईने माझ्या शेजारीच ठेवून घेतलंय, डोक्यावर काहीही न ठेवता. थोरल्याने फडक्याने घासून त्याचे डाग काढायचा प्रयत्न केला. निघाले नाहीत. निघू नयेत.

माझा राग शमलाय असं समजू नका. तुमच्या घरात जोडीने आलेलं काही असेल, तर वाटण्याआधी ज्याच्यासाठी ते जोडीने आलं त्याला विचारा. आणि विचारल्यावर त्याचं ऐका. आमच्या घरात विचारलंही नव्हतं, सांगितलेलं ऐकलंही नव्हतं.

माझी तार अजून उजव्या खाचेतच आहे. दुपारी आई खुर्ची ओढते, कळ दाबते. मी त्याचं बोलतो, ती तिचं बोलते. मध्येच पोरांपैकी कोणी काही विचारायला आलं, तर ती हात वर करते. "थांब जरा. आमचं बोलणं चाललंय."